आत दुमडणारी चाकं: जुन्या हलक्या विमानाच्या लँडिंग गिअरची तपासणी आणि देखभाल

काळ्या रानातली धूळ आणि ग्रीस एकत्र आलं की जे तयार होतं, त्याला आमच्या शेडमध्ये ‘काजळ’ म्हणतात. दिसायला मऊ, बोटाला गुळगुळीत. पण दोन बोटांत चोळून पाहिलं की आत बारीक कच लागते. इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायला जी पेस्ट लावतात तिचंच काम हे काजळ करतं, फरक इतकाच की इथं ते कुणी मुद्दाम लावलेलं नसतं. मराठवाड्यात दुमडणाऱ्या चाकांचं जुनं विमान सांभाळायचं म्हणजे निम्मा वेळ हे काजळ काढण्यातच जातो. उरलेल्या निम्म्या वेळात काय करायचं, ते पुढे लिहितो.

मी परवानाधारक एएमई, म्हणजे विमान देखभाल अभियंता आहे. पिस्टन इंजिनाच्या विमानांचा बी१.२ परवाना माझ्याकडे आहे. या लेखातलं पाहणं, पुसणं, ऐकणं हे विमानाचा मालक किंवा वैमानिक करू शकतो, त्यानं करावंच. पण सुटे भाग काढणं, जुळणी बदलणं आणि लॉगबुकात सही करणं हे परवानाधारकाचं काम आहे, आणि शेवटचा शब्द विमानाच्या मेंटेनन्स मॅन्युअलचा. म्हणून टॉर्क (नट किती जोरानं आवळायचा) आणि ताणाचे आकडे मी इथं देत नाही. एकाच मॉडेलच्या, पण वेगवेगळ्या वर्षी बनलेल्या विमानांतही ते वेगळे असतात.

आधी यंत्रणा ओळखा

आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांमध्ये कैक वर्षं गाजलेली पुष्पक आणि एचटी-२ ही विमानं कायम चाकं खाली ठेवून उडायची. तिथं तयार झालेल्या मेकॅनिकला दुमडणाऱ्या गिअरची सवय नसते, हे त्याच्या लक्षातही येत नाही. ढोबळमानानं जुन्या हलक्या विमानांत तीन प्रकार दिसतात. सुरुवातीच्या मुनी विमानांत हातानं ओढायचा लांब दांडा असतो. सेस्ना २१० किंवा पायपर ॲरो यांत हायड्रॉलिक दाब असतो. बीचक्राफ्ट बोनान्झा आणि पायपर कोमांचीत एक विजेची मोटर तिन्ही चाकं हलवते.

मी बोनान्झा धरून लिहितो, कारण माझे हात त्यावर बसलेत. हे विमान पहिल्यांदा उडालं २२ डिसेंबर १९४५ ला, आणि १९४७ मध्ये त्याचं उत्पादन सुरू झालं. पुढच्या सीटखाली एक गिअरबॉक्स. त्याला मोटर जोडलेली. गिअरबॉक्समधून निघालेले पुश-पुल रॉड तिन्ही चाकांकडे आणि आतल्या दारांकडे जातात. पंखांखालची चाकं आतल्या बाजूला दुमडतात, नाकाचं मागे. वर गेल्यावर पंखांखालच्या चाकांना अपलॉकचा हूक धरून ठेवतो.

खाली आल्यावर चाक कशानं टिकतं? इथं बरेच जण चुकतात. वेगळी खिटी नसते. तिरकी ब्रेस सरळ होते आणि सरळ रेषेच्या किंचित पलीकडे जाऊन बसते. मोटारसायकलचा डबल स्टँड आठवा: तो उभ्या रेषेच्या पुढे गेला की गाडीचं वजनच त्याला धरून ठेवतं, अलीकडे राहिला तर गाडी पुढे येऊन पडते. चाकाचंही तसंच. स्प्रिंगवाला रॉड ब्रेसला त्या पलीकडच्या बाजूला दाबून ठेवतो. तो दाब कमी झाला की पॅनेलवर हिरवा दिवा लागलेला असूनही चाक आत जाऊ शकतं.

कागद

लॉगबुक घेऊन बसा. लागू असलेले एडी (विमान नियामकाचे सक्तीचे दुरुस्ती-आदेश), बनवणाऱ्याचे सर्व्हिस बुलेटिन, गिअरबॉक्स आणि मोटर शेवटची कधी उघडली, हे सगळं एका कागदावर काढा. उदाहरणार्थ, कोमांचीच्या गिअरमधल्या बंजी, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या रबरी दोऱ्या ५०० तास किंवा ३ वर्षांनी बदलाव्या लागतात. आपल्याकडे ही विमानं तासांनी कमी उडतात आणि पत्र्याखाली जास्त तापतात, त्यामुळे वर्षांची मुदतच आधी गाठते. रबराला तास कळत नाहीत, मे महिना कळतो.

जुन्या नोंदींवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. मी एक विमान ताब्यात घेतलं तेव्हा दर १०० तासांच्या तपासणीत ‘अपलॉक रोलर ग्रीस केले’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. रोलर म्हणजे हूक जिच्यावर चढतो ती छोटी पुली. तिच्या मध्यभागी बारीक भोक असतं आणि त्यातून खास टोकाच्या गननं ग्रीस आत, सुयांच्या बेअरिंगपर्यंत घालावं लागतं. आम्ही गन लावली, दांडा दाबला, आणि ग्रीस उलट बाहेर आलं. भोकात जुनं ग्रीस मेणासारखं वाळून बसलं होतं. बाहेरून चकचकीत, आत कोरडं. रोलर अंगठ्यानं फिरवला तर अर्ध्या फेऱ्यात अडला. आधीच्या माणसानं गन टेकवली असेल, बाहेर ओघळलेलं पुसलं असेल आणि सही केली असेल. रोलर फिरत नसला की हूक त्याच्यावरून घसरत नाही, घासत जातो. तो हूक एक दिवस सुटला नाही, तर चाक वरच राहतं.

तेव्हापासून माझा नियम असा: नवं ग्रीस घातल्यावर ते रोलरच्या कडेनं सगळीकडून डोकावलं पाहिजे. आधी काळं येतं, मग तपकिरी, मग स्वच्छ. स्वच्छ दिसेपर्यंत गन थांबवायची नाही.

धुणं

ग्रीस घालण्याआधी जुनं काढा. हे वाक्य मी नव्या पोरांना इतक्या वेळा सांगतो की ते माझी नक्कल करतात. काजळावर नवं ग्रीस चोपडलं की कच आणखी आत ढकलली जाते.

ब्रश, कापड आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेलं सॉल्व्हंट घ्या. प्रेशरचा पाइप नको. मोटारी धुतात तसा पाण्याचा झोत चाकाच्या खोबणीत (दुमडलेलं चाक जिथं बसतं तिथं) मारला की पाणी बेअरिंगमध्ये आणि स्विचमध्ये शिरतं. पावसाळ्यात कच्च्या जागेवरून चाक गेलं असेल तर चिखल ओला असतानाच काढा. काळी माती ओली असताना फुगते आणि वाळली की आकसून विटेसारखी घट्ट होते. ती खोबणीत वाळली तर चाक दुमडताना दाराला आणि ब्रेकच्या नळीला घासते.

धुताना खोबणीचा कानाकोपरा टॉर्चनं बघा. आमच्याकडे महिनाभर विमान उभं राहिलं तर कुंभारीण माशी मातीचं घर बांधतेच. एकदा अपलॉकच्या केबलच्या पुलीला चिकटून तिनं अंगठ्याएवढं घर केलं होतं. साळुंक्यांच्या काड्या, उंदरानं कुरतडलेली वायर हेही नेहमीचं.

ग्रीस कुठलं हे मॅन्युअल सांगेल. दोन जातींची ग्रीसं मिसळू नका. काही एकत्र आली की पातळ होऊन वाहतात, काही घट्ट होतात. रॉडच्या टोकांना बदाबदा ग्रीस फासणं हेही इथं नुकसानीचं आहे. सांध्यात जाईल तेवढं घाला, बाहेर आलेलं पुसून टाका.

स्ट्रट

ओलिओ स्ट्रट म्हणजे चाकाचा धक्का झेलणारा पाय: खाली हायड्रॉलिक तेल, वर दाबाखालचा वायू. तेल उतरतानाचा धक्का पचवतं, वायू विमानाला तोलून धरतो. स्ट्रट बसलेला दिसला की पोरं आधी वायू भरायला धावतात. तेल कमी असेल तर वायू भरून उंची दिसते तशी बरोबर येते, पण उतरताना धातूवर धातू आपटतो.

चकाकणाऱ्या नळीवर बोट फिरवा. तेलाचा पातळ थर चालतो. थेंब लोंबत असेल किंवा खाली टायरवर ओघळ असेल तर आतली ओ-रिंग (गोल रबरी सील) गेली. रोज उड्डाणानंतर त्याच लाल हायड्रॉलिक तेलात भिजवलेल्या कापडानं ती नळी पुसा. कोरड्या कापडानं पुसली तर धूळच नळीवर घासली जाते. माझ्या अनुभवात मराठवाड्यातल्या स्ट्रटच्या गळतीचं पहिलं कारण हेच: धूळ वर सरकते आणि सील कापते.

तेल लाल, खनिज प्रकारचं, एमआयएल-एच-५६०६ प्रतीचं. गॅरेजमधलं मोटारीचं ब्रेक ऑइल इथं कधीही नाही. त्यानं हे सील फुगून मऊ पडतात. ब्रेकच्या टाकीलाही हाच नियम.

व्हॉल्व्ह उघडण्याआधी विमान जॅकवर घ्या आणि वायू हळूहळू पूर्ण सोडा. दाबाखाली व्हॉल्व्हचं पूर्ण अंग फिरवून काढलं तर ते गोळीसारखं सुटतं. तेल भरून स्ट्रट दोन-चार वेळा खालीवर दाबा, बुडबुडे निघू द्या, पुन्हा पातळी बघा. मग नायट्रोजन.

सिलिंडरचा रंग स्वतः बघा. नायट्रोजनचा करडा, मान काळी. ऑक्सिजनचा काळा. दोन्ही एकाच टेंपोतून येतात आणि उतरवणाऱ्याला फरक माहीत नसतो. तेल असलेल्या स्ट्रटमध्ये दाबाखाली ऑक्सिजन भरणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

आणखी एक गोष्ट खास आपल्या हवेची. डिसेंबरच्या पहाटे १० अंशाला बरोबर भरलेला वायू मे महिन्याच्या ४२ अंशाच्या दुपारी, विमानाचं वजन तेच असताना, सुमारे ११ टक्के फुगतो. म्हणून उन्हाळ्यात स्ट्रट ताठ उभा दिसतो आणि कुणीतरी शहाणा वायू सोडतो, मग हिवाळ्यात विमान बसतं. मी दर वेळी पहाटेच, सावलीत, ठरावीक इंधन असताना मोजतो आणि तापमान वहीत लिहितो.

चाक, टायर, सांधे

चाकाचे दोन भाग वेगळे करण्याआधी टायरची हवा पूर्ण काढा. पूर्ण. हे विसरून बोल्ट सैल करणाऱ्यांना चाकाच्या अर्ध्या भागानं ठार मारलेलं आहे.

बेअरिंग धुऊन उजेडात धरा. रिंगवर रोलरच्या अंतरानं पडलेल्या करड्या रेघा म्हणजे उभ्या विमानात पाणी शिरलं होतं. निळसर झाक म्हणजे तापलं. नखाला लागणारा खळगा दिसला की बेअरिंग बाद. वाळवताना हवेच्या झोतानं बेअरिंग गरागरा फिरवायचा मोह होतो, तो आवरा. त्याच नंबरचं बेअरिंग बाजारात मिळेलही, पण विमानात बसतं ते कागदपत्रासह आलेलंच.

रिट्रेड (जुन्यावर नवा थर चढवलेला) टायर नव्यापेक्षा थोडा मोठा असू शकतो, आणि आपल्या खोबणीत तेवढी जागा नसते. टायर बदलला की दुमडून बघितल्याशिवाय विमान सोडायचं नाही.

जॅकवर असताना चाक वर-खाली, पुढे-मागे, आडवं हलवा. खडखड नेमकी कुठून येते ते दुसऱ्या हातानं सांध्यावर बोट ठेवून शोधा. टॉर्क लिंकच्या (चाकाला स्ट्रटवर गरकन फिरू न देणाऱ्या कात्रीसारख्या जोडाच्या) बुशिंगमध्ये ढिलाई असली की नाकाचं चाक धावपट्टीवर थरथरतं आणि दोष शिमी डॅम्परवर, म्हणजे ती थरथर शोषणाऱ्या भागावर येतो. नाकाच्या चाकाच्या वळण्याच्या मर्यादेचे ठोकळेही पाहा. विमान शेडमध्ये ओढताना टो-बार (ओढायचा दांडा) मर्यादेपलीकडे फिरवला की तिथं खूण उमटते, आणि ओढणारा सांगत नाही.

तडा शोधायला डाय पेनेट्रंट लागतं: स्वच्छ करा, लाल रंग लावा, डब्यावर लिहिलेला वेळ थांबा, कापडानं पुसा, पांढरा डेव्हलपर मारा. सॉल्व्हंट थेट भागावर फवारू नका, तड्यातलाही रंग धुऊन जातो. बहुतेक पेनेट्रंटची मर्यादा ५२ अंशांपर्यंत असते. एप्रिल-मेमध्ये उन्हात राहिलेला भाग याहून जास्त तापतो आणि रंग तड्यात शिरण्याआधी वाळतो. हे काम सकाळी सातच्या आत.

रॉडच्या टोकाला आट्यांनी बसवलेल्या सांध्याच्या, म्हणजे रॉड एंडच्या बाजूला बारीक भोक असतं. त्यात सेफ्टी वायरचं टोक घाला. ते अडलं तर आटे पुरेसे आत आहेत. आरपार गेलं तर कुणीतरी जुळणी करताना रॉड जास्त बाहेर काढलाय.

जॅकवर दुमडणं

ही तपासणी मी कधीच दुपारी करत नाही. उन्हाळ्यात वावटळ सांगून येत नाही, आणि जॅकवरचं विमान म्हणजे तीन टोकांवर ठेवलेला पतंग. खाली मुरूम नको, पक्कं काँक्रीट हवं. पंखांखाली दोन जॅक, लॉकिंग कॉलर लावलेले. शेपटीला वजनदार स्टँड. वीज बाहेरच्या सप्लायची, विमानाला लागते त्याच व्होल्टेजची. दमलेल्या बॅटरीवर गिअर हळू चालतो आणि तुम्ही नसलेला दोष शोधत बसता.

स्क्वॉट स्विच (विमान जमिनीवर असताना गिअर दुमडू न देणारा स्विच) अडवेल या भरवशावर जमिनीवर कुणी गिअरची लिव्हर वर करून बघू नये. त्या स्विचचं काम तपासायचं तेही मॅन्युअलच्या पद्धतीनं.

पहिली फेरी मोटरनं नाही, हातानं. सर्किट ब्रेकर ओढा, पुढच्या सीटच्या मागचा हँडल जोडा आणि सावकाश फिरवा. हात सांगतो ते मोटर सांगत नाही. कुठं जड होतं, कुठं अडखळतं, कोणतं दार आधी टेकतं. ब्रेकची नळी कुठं चिमटते का, टायर आणि छतात किती जागा राहते, हे प्रत्येक चाकापाशी एक माणूस उभा करून बघा. शेवटच्या फेऱ्यांत ब्रेस रेषेपलीकडे जाऊन बसताना स्प्रिंगचा जोर हाताला जाणवला पाहिजे. मग स्प्रिंग काट्यानं तो ताण मोजा आणि मॅन्युअलच्या आकड्याशी ताडा. नजरेनं ‘बसलंय’ म्हणू नका.

हातानं सगळं सुरळीत झालं की हँडल सोडवून, दुमडून ठेवा. जोडलेला हँडल तसाच राहिला आणि मोटर चालू केली तर तो पंख्यासारखा फिरतो आणि मनगट मोडतो.

आता मोटर. कॉकपिटमधला माणूस ‘वर’ म्हणून ओरडतो, खालचे तिघं आपापल्या जागेवरून ‘मोकळं’ म्हणतात, मगच लिव्हर. किमान पाच-सहा फेऱ्या करा आणि डोळ्यांइतकेच कान लावा. आमच्याकडे एक मामा आहेत, तीस वर्षं विमानांच्या आसपास काढलेले. एकदा मी तिसऱ्या फेरीनंतर समाधानानं वही उघडली, तर मामा म्हणाले, “साहेब, डावीकडं शेवटाला टक करूलालंय बगा.” मला काही ऐकू आलं नव्हतं. पुन्हा फेरी केली. दाराच्या रॉडचा जॅम नट (जुळणी हलू न देणारा नट) अर्धा आटा सैल होता. दार टेकताना रॉड कणभर फिरत होता. वरून पाहिलं तर सगळं जागच्या जागी.

लिमिट स्विच मोटरला थांबवतात. ते उशिरा लागले तर गिअरबॉक्स आतल्या ठोकळ्यावर आपटतो, लवकर लागले तर चाक पुरतं लॉक होत नाही. मोटर थांबल्यावर हँडलला किती वळण शिल्लक राहिलं पाहिजे हे मॅन्युअलमध्ये असतं. ते मोजणं टाळू नका. चाकं वर असताना थ्रॉटल मागे घेऊन इशाऱ्याचा भोंगा वाजतो का बघा. दिवा लागत नसेल तर आधी बल्ब अदलाबदल करा. पायपर ॲरोसारख्या विमानांत नेव्हिगेशनचे दिवे चालू असले की गिअरचे दिवे मंद होतात आणि भर उन्हात विझल्यासारखे दिसतात.

आणीबाणीचा हँडल

वैमानिकाला बोलवा आणि त्याच्याकडून जॅकवरच एकदा पूर्ण करून घ्या: ब्रेकर ओढायचा, लिव्हर खाली, मग घड्याळाच्या उलट सुमारे ५० फेऱ्या. सीटच्या मागे हात वळवून ५० फेऱ्या म्हणजे काय, हे खांदा भरून आल्यावरच कळतं. पस्तीसनंतर जड होतं तिथं नवखा थांबतो आणि ‘आलं असेल’ म्हणतो. थांबायचं नाही, हँडल घट्ट अडेपर्यंत. हा हँडल चाक खाली आणायलाच आहे, हवेत वर घ्यायला नाही.

आणि त्याला हेही समजावून सांगा की बोनान्झात हा हँडल त्याच गिअरबॉक्सला आणि त्याच रॉडना फिरवतो. वीज गेली तर तो वाचवतो. रॉड तुटला किंवा अपलॉकचा हूक अडकला तर हँडलला काही करता येत नाही. पायपर ॲरोत हायड्रॉलिक दाब सोडला की चाकं आपल्या वजनानं खाली पडतात, इथं तशी सोय नाही. तो कोरडा रोलर मला अजून आठवतो तो यामुळेच.

जमिनीवर परत

जॅकवरून उतरवण्याआधी तिन्ही चाकं खाली आणि लॉक, हँडल दुमडलेला, ब्रेकर आत, हत्यारं मोजलेली. विमान टेकल्यावर स्ट्रटची उंची पुन्हा घ्या. जॅकवर लोंबून स्ट्रट लांब होतात, विमान थोडं हलवून त्यांना बसू द्या आणि मग मोजा.

ज्या ज्या नटाला हात लागला त्यावर लाल रंगाची रेघ ओढा, नटावरून खालच्या भागापर्यंत सलग. पहिल्या दहा उतरण्यांनंतर झाकणं काढून फक्त त्या रेघा बघतो. मामा टॉर्च धरतात, मी मोजतो. मागच्या खेपेला अठ्ठावीसपैकी एक रेघ तुटली होती, नाकाच्या चाकाच्या दाराला. नट पाव आटा फिरला होता. तो कसला, नवा कॉटर पिन घातला, रेघ पुन्हा ओढली आणि वहीत तारीख टाकली.